स्टेंट बसला, रिपोर्ट चांगले आले, तरी अप्पा गप्पच का?

अशोक चौक भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: “वडील ५८ वर्षांचे. यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. नोव्हेंबरात हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला. परवाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आहे, पंपिंग ५० टक्के, काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणाले. पण अप्पा बोलतच नाहीत. जेवण निम्म्यावर आलंय, पहाटे तीनला उठून बसतात. यंदा गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीलाही गेले नाहीत, आजवर कधी चुकवली नव्हती. आम्ही त्यांना कसलाही त्रास देत नाही, काडीचं काम सांगत नाही. नातेवाईक म्हणतात एवढं मोठं दुखणं झाल्यावर असं होणारच. कुणी म्हणतं बीपीच्या गोळीनं होतंय. मनाच्या डॉक्टरकडे न्यावं का? त्या गोळ्या हृदयाला चालतात का? सवय लागते का?”

ताई, आधी सरळ उत्तर देतो. होय, न्या, आणि याच आठवड्यात न्या. तुम्ही जे लिहिलंय ते नैराश्याचं चित्र आहे. सोलापुरात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना हृदयरोग्यांचं नैराश्य मी रोज पाहतो. यातले फार कमी लोक आपणहून येतात. बहुतेकांना तुमच्यासारखी एखादी मुलगी, सून नाहीतर बायको घेऊन येते, तीही बरेच महिने वाट बघून.

तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते गड्ड्याचं वाक्य. थकवा, कमी भूक, बिघडलेली झोप ही लक्षणं हृदयविकारातही असतात, काही गोळ्यांमुळेही येतात, म्हणून नुसत्या त्यांच्यावरून निदान करता येत नाही. पण वर्षानुवर्षं भोगीच्या दिवशी बाराबंदी हा यात्रेचा पांढरा पोशाख घालून संमती कट्ट्यावर यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता टाकायला उभा राहणारा माणूस यंदा भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, तेव्हा मी कान टवकारतो. नुसता अशक्तपणा असता तर ते हळहळले असते, “या वर्षी चुकलं” म्हणाले असते, निदान गच्चीवरून तरी बघतो म्हणाले असते. त्यांना वाटलंच नाही जावंसं. पूर्वी जे जिवाभावाचं होतं त्यातलं मन उडणं, आणि दिवसाचा बहुतेक वेळ उदास किंवा रिकामं वाटणं, यातली एकही गोष्ट सलग दोन आठवडे टिकली तर तपासायलाच हवं. तपासणीची पहिली पायरी म्हणून आम्ही हेच दोन प्रश्न विचारतो. उत्तर हो आलं तर नऊ प्रश्नांची सविस्तर प्रश्नावली घेतो. तिच्यात आणखी काय बघतो? मी आता निकामी झालो, घरच्यांवर ओझं झालो, यापेक्षा गेलो असतो तर बरं, असे विचार. अप्पा बोलत नसले तरी एखादं तुटक वाक्य निसटत असेल. “आता काय राहिलंय ओ” असं काही म्हणत असतील तर ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा.

पहाटे तीनच्या उठण्याबद्दल एक गोष्ट आधी नक्की करून घ्या. आडवं झाल्यावर दम लागतो, उठून बसलं की बरं वाटतं, उशा वाढवाव्या लागतात, पायांवर सूज आहे, असं असेल तर ते हृदयाचं लक्षण आहे. त्यासाठी आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचं. दम लागत नाही, पण डोळा उघडतो आणि मग विचारांचा भुंगा सुरू होतो, सकाळ सगळ्यात जड जाते आणि संध्याकाळी जरा हलकं वाटतं, असं असेल तर ते नैराश्याचं लक्षण आहे. छातीत दुखलं तर मात्र ते मनाचं का हृदयाचं हे घरात बसून ठरवू नका. थेट दवाखाना गाठा.

आता नातेवाइकांचं “असं होणारच”. अटॅकनंतरचे पहिले काही दिवस मन हलतं, रडू येतं, भीती वाटते. ते साहजिक आहे आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. पण अटॅक आलेल्या साधारण पाचातल्या एकाला पुरतं, उपचार लागणारं नैराश्य येतं, आणि सौम्य लक्षणं त्याहून कितीतरी जास्त लोकांना असतात. एवढं वारंवार दिसतं म्हणून ते निरुपद्रवी आहे असं समजू नका. मॉन्ट्रियलमध्ये अटॅकच्या २२२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्या रुग्णांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत मृत्यूचा धोका, हृदयाची अवस्था वगैरे इतर गोष्टी हिशेबात धरूनही, सुमारे चौपट निघाला. पुढे अशा अभ्यासांची रांग लागली. २००८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने प्रत्येक हृदयरोग्याला नैराश्याबद्दल विचारा असं सांगितलं, आणि २०१४ मध्ये अटॅकनंतरचं नैराश्य हा पुढच्या प्रकृतीला धोका देणारा घटक मानावा अशी शिफारस झाली. साखर आणि कोलेस्टेरॉल आपण जितक्या नेमाने मोजतो, तितक्याच नेमाने हेही विचारलं जायला हवं. आपल्याकडे अजून ते होत नाही. हृदयाच्या ओपीडीतली गर्दी बघितली की कारण कळतं, पण त्याची किंमत रुग्ण मोजतो.

नैराश्यात हृदयाला इजा कशी होते? शरीर सतत संकटात असल्यासारखं वागतं. अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल वाढलेले राहतात, नाडीच्या वेगातला निरोगी चढउतार कमी होतो, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स जास्त चिकट होतात, दाह वाढतो. हे झालं आतलं. माझ्या मते घात होतो तो वागण्यातून. उदास माणूस चालायला जात नाही, सोडलेली तंबाखू पुन्हा तोंडात जाते, आणि “घेऊन तरी काय करायचंय” म्हणत गोळ्या चुकवतो. ताई, अप्पांच्या स्टेंटला अजून वर्षही झालेलं नाही. अ‍ॅस्पिरिन आणि सोबतची रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी, क्लोपिडोग्रेल असो वा टिकाग्रेलॉर, या काळात मधेच बंद झाली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि तो अटॅक पहिल्यापेक्षा भयंकर असतो. आज घरी गेल्यावर पहिलं काम करा. गोळ्यांची पाकिटं काढा, तारखेप्रमाणे किती संपायला हव्या होत्या आणि किती उरल्यात ते मोजा. पाकीट खोटं बोलत नाही. उरलेल्या निघाल्या तर रागावू नका. त्या गोळ्या रोज आपल्या हातानं द्यायला लागा आणि डॉक्टरांना सांगा.

आता तुमच्या एका वाक्यावर मला थोडं थांबायचंय. “आम्ही त्यांना काडीचं काम सांगत नाही.” हे तुम्ही प्रेमानं करताय, मला कळतं. सोलापुरातल्या जवळपास प्रत्येक घरात हेच होतं. दळण आणू नका, पिशवी उचलू नका, जिना चढू नका, भांडण झालं तरी त्यांच्या कानावर घालू नका, पैशाचं बोलू नका. लग्न ठरवायचं असेल तर आतल्या खोलीत ठरतं. या सगळ्यातून त्या माणसाला एकच गोष्ट ऐकू येते, की आता माझी गरज उरली नाही. तुमचे अप्पा जॉबर आहेत. मागाच्या खडखडाटातला बदल ऐकून कुठला भाग ढिला झालाय ते सांगणारा माणूस. कारखान्यात दिवसभर पोरं हाका मारत असणार, “जॉबर, इकडं या”. त्या हाका नोव्हेंबरात एकदम थांबल्या आणि घरात पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून दिला जाऊ लागला.

एक बाई माझ्याकडे यायच्या. बायपास होऊन चार महिने झाले होते, छातीचं हाड जुळलेलं होतं, सर्जननी हलकी कामं करायला सांगितलं होतं. पण सुनेनं परात काढून घेतली ती परत दिलीच नाही. उभा जन्म ज्वारीच्या भाकरी थापण्यात गेलेली बाई दिवसभर खाटेवर बसून होती, आणि सुनेला वाटत होतं आपण सासूची सेवा करतोय. औषध सुरू केलं, आणि सुनेला एक काम सांगितलं. रोज सकाळी दोन भाकरी त्यांनी थापायच्या, भाजायच्या तू. पहिले काही दिवस त्या “नको गं, होत नाही” म्हणाल्या, तरी परात पुढे ठेवायची आणि शेजारी बसायचं. काही आठवड्यांनी सून एकटीच सांगायला आली. सासूबाई तिच्यावर ओरडल्या होत्या, भाकरीला पाणी नीट फिरवलं नाहीस म्हणून. हे सांगताना त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं.

या उपचाराला शास्त्रीय आधार आहे. इच्छा होण्याची वाट न बघता ठरलेल्या वेळी छोटं, जमेल असं काम करायचं, मग मन मागोमाग येतं. अप्पांच्या बाबतीत असं करता येईल. आधी हृदयाच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा की कोणतं काम कधीपासून चालेल. “आराम करा” एवढ्यावर समाधान मानू नका. सुताचा जड बीम उचलणं, जड ओढाओढ अर्थातच इतक्यात नाही. पण सकाळच्या थंड वेळी तासभर कारखान्यात जाऊन बसणं, मागांचा आवाज ऐकणं, नव्या पोराला काय चुकतंय ते दाखवणं हे बहुतेक वेळा चालतं. मालकांशी तुम्ही बोला. घरातही एखादी जबाबदारी पूर्ण त्यांची असू द्या, लाइटबिल भरणं असेल, नातवाला शाळेत सोडणं असेल. आणि घरातला निर्णय त्यांना विचारून घ्या, मत दिलं नाही तरी विचारा.

पैशाचं बोलणं टाळू नका असंही सांगतो. सरकारच्या महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी फुकट झाली असली तरी कारखान्यात काम केलं तरच पगार. इतके महिने घर कशावर चाललं हे त्यांना दिसतंय. तुम्ही लपवलेलं कर्ज ते मनात दुप्पट करून मोजत असतात. खरा आकडा समोर ठेवून बसलात तर ओझं कमी होतं.

चालणं हे औषधच समजा. हृदयरोग असलेल्यांच्या नैराश्यात नियमित व्यायामाचा उपयोग होतो हे प्रयोगांतून दिसलं आहे. सुरुवात दहा मिनिटांनी, सपाट रस्त्यावर, बोलता बोलता चालता येईल एवढ्या वेगाने. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत अर्ध्या तासापर्यंत. आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्या. मार्चपासून सकाळी सातच्या आत चालणं उरकायचं, सिद्धेश्वर तलावाकाठी असो की कंबर तलावाकडे. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर उन्हात फिरून अंगातलं पाणी आणि क्षार कमी होतात, चक्कर येते. एकट्यानं जा म्हणू नका, पहिले काही आठवडे कुणीतरी सोबत चाला.

बीपीच्या गोळीचा प्रश्न. तुमच्या नातेवाइकांचा रोख बहुधा मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांकडे आहे, ज्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात. त्या नैराश्य आणतात ही समजूत डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होती. २००२ मध्ये ३५ हजारांहून जास्त रुग्णांवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात नैराश्याची लक्षणं लक्षणीय वाढलेली दिसली नाहीत. थोडा थकवा आणि लैंगिक अडचणी मात्र काहींना जाणवतात. अटॅकनंतर ही गोळी हृदयाचं रक्षण करते, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून ती बंद करू नका. एकदम बंद केली तर धोका आहे. थकवा फार असेल तर डॉक्टर मात्रा बदलू शकतात. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि सोडियम तपासून घ्या. यातलं काहीही बिघडलं तरी माणूस उदास आणि सुस्त दिसतो.

लैंगिक अडचणींचा विषय निघालाच आहे तर तो मोकळेपणानं बोलतो, कारण मुलगी तो विचारणार नाही आणि अप्पाही बोलणार नाहीत. अटॅकनंतर पती-पत्नींमध्ये भीतीपोटी दुरावा येतो. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही, आणि माणूस आपण संपलो असं समजतो. न थांबता दोन जिने चढून छातीत दुखत नाही की दम लागत नाही, अशा माणसाला बहुतेक वेळा काही हरकत नसते. आई-अप्पांना दोघांना मिळून डॉक्टरांशी बोलू द्या. मेडिकलमधून परस्पर ताकदीची गोळी मात्र कधीही नको. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गोळीबरोबर ती जिवावर बेतते.

आता मनाच्या गोळ्या. हृदयरोग्यात सगळ्यात जास्त तपासलेलं औषध म्हणजे सर्ट्रालिन. २००२ मध्ये ३६९ रुग्णांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. हे सगळे अटॅक किंवा अस्थिर अंजायना (अटॅकच्या उंबरठ्यावरचं छातीचं दुखणं) यानंतरचे रुग्ण होते. हृदयाच्या कामावर त्याचा वाईट परिणाम दिसला नाही, आणि ज्यांचं नैराश्य तीव्र किंवा पुन्हा पुन्हा येणारं होतं त्यांना चांगला फायदा झाला. म्हणून आम्ही बहुधा तिथून सुरू करतो, कमी मात्रेत. एस्सिटालोप्रामही वापरतो, पण त्या गटातली औषधं ईसीजीतलं क्यूटी अंतर वाढवू शकतात (ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात), त्यामुळे वयस्कर रुग्णात मात्रा मर्यादित ठेवतो आणि ईसीजी बघतो. अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन ही जुन्या गटातली औषधं अटॅकनंतर टाळायची. हे आवर्जून सांगतो, कारण झोप येत नाही किंवा अंग दुखतं म्हणून अमिट्रिप्टिलिन असलेली गोळी कुणीतरी लिहून दिलेली असते आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसोबत सर्ट्रालिन घेताना रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. म्हणून पोटाच्या संरक्षणाची गोळी लागते का ते डॉक्टर ठरवतात. शौचाला काळी डांबरासारखी झाली तर त्याच दिवशी दाखवायचं, आणि अंगदुखीला ब्रुफेनसारख्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. वयस्कर माणूस लघवीच्या गोळीवर असेल तर पहिल्या काही आठवड्यांत सोडियम एकदा तपासावं. गोंधळल्यासारखं बोलणं हे ते कमी झाल्याचं लक्षण असू शकतं.

सवय लागत नाही. या गोळ्यांची नशा होत नाही, मात्रा वाढवत न्यावी अशी ओढ लागत नाही. मात्र अचानक बंद केल्या तर काही दिवस चक्कर, अस्वस्थपणा, चिडचिड होते, म्हणून बंद करताना हळूहळू करतो. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची, आणि नेमकी तीच गोळी ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून सहज आणली जाते. तिने झोप लागते, नैराश्य तसंच राहतं, शिवाय म्हातारपणी पडण्याची भीती. नैराश्याच्या गोळीचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक कळायला सहा ते आठ. पहिल्या आठवड्यात मळमळ होईल आणि गुण काहीच दिसणार नाही. इथंच लोक सोडतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवावी लागते.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. नैराश्यावर उपचार केले की पुढचा अटॅक टळेलच, असं वचन मी देऊ शकत नाही. २००३ मध्ये २४८१ रुग्णांचा मोठा प्रयोग झाला, त्यात समुपदेशनानं नैराश्य कमी झालं पण मृत्यूचं प्रमाण कमी झालं नाही. २०१८ मध्ये कोरियातल्या ३०० रुग्णांच्या प्रयोगात एस्सिटालोप्राम घेतलेल्या गटात पुढच्या आठेक वर्षांत हृदयाच्या गंभीर घटना कमी झालेल्या दिसल्या. मी उपचार सुरू करतो ते अप्पांनी पुन्हा पोटभर जेवावं, बोलावं, त्यांच्या दिवसाला चव यावी म्हणून. एवढं कारण मला पुरतं. सोबतीला गोळ्या वेळेवर घेणं आणि चालणं सुधारतं, त्याचा हृदयाला फायदा आहेच.

हे वाचणाऱ्या बायकांनाही सांगतो. अटॅक आलेल्या बायकांमध्ये, विशेषतः तरुण बायकांमध्ये, नैराश्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. आपल्या शहरात विडी वळणाऱ्या कितीतरी बायका छातीतलं दुखणं गॅस म्हणून आणि मनातलं दुखणं टेन्शन म्हणून अंगावर काढतात. त्यांना दवाखान्यात आणायला कुणी नसतं. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या घरात वयस्कर बाईला तिच्या भाषेत विचारा. मराठीत ती “बरं आहे” म्हणून मोकळी होते.

शेवटचा अवघड भाग. अप्पांना मरणाचे विचार येतात का, हे विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस सुटल्यासारखा बोलतो. “अप्पा, कधी कधी नकोसं वाटतं का सगळं? जिवाचं काही करावं असं मनात येतं का?” एवढ्या साध्या शब्दांत. उत्तर हो आलं, किंवा निरवानिरवीचं बोलायला लागले, तर त्यांना एकटं ठेवू नका, घरातल्या सगळ्या गोळ्या कुणातरी एकाच्या ताब्यात ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा. रात्री-अपरात्री १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करता येतो. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतात. सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, खासगी परवडत नसेल तर तिथं जा.

अप्पा मनाच्या डॉक्टरकडे यायला तयार होणार नाहीत, “मी काय येडा झालोय का” म्हणतील. त्यावर वाद घालू नका. “पहाटेची झोप आणि भूक दाखवून येऊ, हृदयाच्या डॉक्टरांनाही सांगू” एवढंच म्हणा, ते खरंच आहे. हृदयाच्या डॉक्टरांना तुम्ही आधी फोन करून सगळं सांगा. त्यांनी “एकदा भेटून या” म्हटलं तर अप्पा ऐकतील. येताना डिस्चार्ज कार्ड, शेवटचा ईसीजी, इकोचा कागद आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून आणा. साखरेची, गुडघ्याची, मेडिकलमधून आणलेली, आयुर्वेदिक, सगळी. आणि पहिल्या भेटीत काही वेळ मी अप्पांशी एकटाच बोलेन, तेव्हा तुम्ही बाहेर बसायची तयारी ठेवा.